गिरणीमागचं घर

शारदाने सफेद्याची वाटी रजनीच्या हातात दिली आणि तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला.

"हलू नकोस. नाक राहून जाईल. चेहरा अमेरिकेचा आणि नाक बुऱ्हाणपूरचं, असं ध्यान नको."

रजनीला हसू आलं आणि गालावरचा ओला थर तडकला.

"झालं! केलंस वाटोळं. आता पुन्हा पुसा, पुन्हा लावा."

आठवी 'ब'चा वर्ग त्या दुपारी रंगपट झाला होता. बाकं भिंतीशी रचलेली, फळ्याच्या खिळ्यावर झगे टांगलेले, टेबलावर आरसा. बाहेरच्या मांडवात तीनलाच स्वागतगीत सुरू झालं होतं. आता बक्षिसं चालली होती आणि साडेचारला नाटक. शारदाने पुसायला काही शोधलं, पण बोळे सगळे चिकट झाले होते. कपाटात निबंधाच्या जुन्या वह्या होत्या, ऑगस्टमध्ये तपासलेल्या, वर्गात गुण दाखवून पुन्हा गोळा केलेल्या आणि परत द्यायच्या राहून गेलेल्या. मागची चार कोरी पानं फाडावीत म्हणून तिने वरची वही ओढली, तर ती नेमकी मधेच उघडली.

'आमचे घर,' वर लिहिलं होतं. अक्षर असं, की छापील वाटावं.

'आमचे घर जैनाबादच्या पुढे, केळीचे खांब टाकतात त्या जागेजवळ आहे. बापाने अकरा डबे कापून वर पत्रे ठोकले आहेत. पाऊस आला की आम्हाला एकमेकांचे ऐकू येत नाही. शेळी आत निजते. जेवायच्या वेळी आम्ही दार लावून घेतो.'

खाली लाल शाईत शारदाचाच शेरा. 'सात गुण. वर्णन चांगले. अजून लिहायला हवे होते.'

तिने वही उलटून मुखपृष्ठ पाहिलं. गोदा चुडामण, आठवी 'ब'.

आता झालं होतं ते असं. कादंबरी अमेरिकेतली होती, शारदाच्या धाकट्या भावाने, नंदकुमारने, नागपूरहून पाठवलेली. तिकडे काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत बसू द्यायचं की नाही यावरून रोज काहीतरी पेटत होतं, ते इथल्या वर्तमानपत्रांतही येत होतं, आणि मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, गॅदरिंगसाठी 'आजचा विषय' हवा होता. शारदाने दिवाळीच्या सुट्टीत बसून तीन प्रवेशांचं नाटक केलं. त्या जाडजूड पुस्तकात एक गोरं कुटुंब होतं, कापसाच्या गिरणीमागे राहणारं. कातडीने गोरं, पण गोऱ्यांच्या घरी ज्याला कोणी बोलवत नाही असं. त्याचा सगळा राग ते काळ्यांवर काढायचं. लेखकाने त्यांना जेमतेम तीन पानं दिली होती आणि त्या तीन पानांत त्यांच्याविषयी एक धड शब्द नव्हता. घाणेरडे, आळशी, भांडखोर. घरातल्या बाईला तर नावसुद्धा नव्हतं.

"म्हणजे आपल्याकडचे जातीबाहेर काढलेले," मोठ्या बाई ऐकून म्हणाल्या होत्या. "लोकांना लगेच कळेल. रंगव तो प्रवेश. जरा हसू दे लोकांना."

शारदाने रंगवला. त्या बिननावाच्या बाईचं काम रजनीला दिलं. पण अमेरिकेतल्या दारिद्र्यावर बुऱ्हाणपूरची माणसं कशी हसणार? त्यांना ओळखीचं काहीतरी हवं. लिहिता लिहिता तिला तपशील सुचत गेले. अकरा डब्यांचं छप्पर. घरात निजणारी शेळी. पत्र्यावरच्या पावसामुळे ओरडून बोलायची सवय लागलेली, म्हणून उन्हातही ओरडूनच बोलणारी माणसं. आणि जेवताना लावलेलं दार. कुठून सुचतंय, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं. उलट, आपल्याला बरं सुचतं म्हणून ती स्वतःवर खूश झाली होती. अडतीस वह्यांपैकी एका वहीतलं घर डोक्यात राहिलं होतं आणि ते लिहिणाऱ्या मुलीचं नाव तेवढं गळून पडलं होतं.

याहून वाईट पुढेच होतं. नाटकाच्या नकला, म्हणजे प्रत्येकीच्या हातात द्यायच्या अख्ख्या नाटकाच्या प्रती, उतरून काढायला चांगलं अक्षर लागतं. शाळेत सगळ्यांत चांगलं अक्षर गोदाचं. तिला नाटकात काम दिलं नव्हतं. का दिलं नव्हतं हे कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. तिच्या बापाने, चुडामणने, परजातीतली बाई घरात आणली म्हणून त्यांचं घर वाळीत टाकलेलं, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. नकला तिनेच उतरल्या. पाच नकला, पाच वेळा. आणि आज पडद्यामागे बसून प्रॉम्प्टिंगही तीच करणार होती.

शारदाने मान वर केली. गोदा कोपऱ्यात बसून पडद्याच्या कड्या ओवत होती. तिची मान खाली होती.

"बाई, वाळलं ना सगळं," रजनी म्हणाली.

शारदाने वही मिटून पदराआड धरली आणि ती तशीच मोठ्या बाईंच्या खोलीकडे धावली. मोठ्या बाई बक्षिसं संपवून पाहुण्यांच्या हारांवर पाणी शिंपडत होत्या.

"बाई, मधला प्रवेश गाळू या."

"काय गाळू या?"

"गिरणीमागच्या घराचा. पहिल्यावरून एकदम तिसऱ्यावर जाऊ. मी मुलींना समजावते."

"अगं, डोकं फिरलं की काय तुझं? तोच तर जीव आहे नाटकाचा. खंडव्याचे साहेब येऊन बसलेत, शिक्षणखात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांना मी सांगून बसले की पोट धरून हसाल. एकाएकी काय झालं?"

कारण सांगायचं म्हणजे घर कोणाचं ते सांगायचं. आज मोठ्या बाईंना कळलं की उद्या शिक्षकांच्या खोलीत, परवा गावात. नाटकात निदान नाव तरी नव्हतं.

"काही नाही. लांबतोय असं वाटलं."

"लांबू दे. जा, दहा मिनिटं राहिलीत."

ती परत आली तेव्हा गोदा कड्या ओवून उभी होती, हातात प्रॉम्प्टिंगची वही. शारदाने तिला दाराशी बाजूला घेतलं. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

"गोदा, नकला उतरताना तुला… काही वाटलं का गं?"

गोदाने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर शारदाला सोपं गेलं असतं.

"अक्षर चुकलं का बाई?"

"नाही. अक्षर नाही चुकलं."

"मंग ठीक हाय." मग जरा थांबून ती म्हणाली, "आई आली हाय बाई. पयल्यांदाच."

"कुठे?"

"मांडवात. बापा म्हणतो, पोरीची शाळा बस झाली. आई म्हणे, मी आधी पाहून येते शाळेत काय चालते, मंग बोलू. म्या सांगलं तिले, नाटक आपल्या हातानं लिवलं हाय म्हणून. पुस्तकातून उतरवलं, असं सांगलं."

शारदाने खिडकीतून पाहिलं. मांडवात मुंगीला शिरायला वाव नव्हता, तरी बायकांच्या बाजूला, अगदी मागे, एका बाईच्या दोन्ही अंगांना एकेक माणूस बसेल एवढी सतरंजी मोकळी होती. बाई ताठ बसली होती. डोक्यावरून पदर, मांडीवर हात. तापी उतरून आलेली, लुगड्याचा काठ अजून ओला. हीच गोदाची आई, मथुराबाई. ही अर्ध्या तासात आपलं घर पाहणार, सगळा गाव त्यावर हसताना ऐकणार, आणि मग पोरीला हाताला धरून नदीपलीकडे घेऊन जाणार. पोर पुन्हा यायची नाही. हे सगळं शारदाला स्वच्छ दिसलं.

सूचनेची घंटा झाली.

ती रजनीजवळ गेली आणि तिचा दंड धरला. "ऐक. शेजारणीला ते दाराचं उत्तर देतेस ना, ते आज म्हणायचं नाही."

"कोणतं? हसायचं ते?"

"तेच. सोडून दे. पुढचं घे, देवळातल्या घंटेचं."

"पण बाई, सगळ्यात जास्त तर त्यालाच हसतात लोक! पूरी प्रॅक्टिस झाली माझी."

"रजनी, मी सांगते ना."

"बरं," रजनी म्हणाली, पण तिचा पांढरा चेहरा गोंधळला होता. आणि घाईत शारदा एक गोष्ट विसरली. दाराचा प्रश्न विचारणाऱ्या शेजारणीला, म्हणजे ते काम करणाऱ्या मुलीला, तिने काही सांगितलंच नाही. ती मुलगी तोवर रंगमंचाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभी राहिली होती आणि पडदा सरकायला लागला होता.

पहिला प्रवेश कसा झाला ते शारदाला कळलं नाही. ती डाव्या विंगेत उभी होती. समोर, उजव्या विंगेत, स्टुलावर गोदा, मांडीवर वही, बोट ओळीवर. दुसरा प्रवेश उघडला आणि पुठ्ठ्याचं अकरा डब्यांचं छप्पर दिसताच पहिला हशा आला. चांगला मोठा, मोकळा हशा. कापडाच्या शेळीला दुसरा. नवरा-बायको एकमेकांपासून दोनच हातांच्या अंतरावर उभे राहून बोंबलून बोलू लागले, तेव्हा खंडव्याच्या साहेबांनी खरोखरच पोट धरलं. सरावाच्या वेळी हाच हशा शारदाला गोड वाटला होता. आज प्रत्येक हशा तिच्या मुस्काटात बसत होता. तिने मांडवाकडे पाहिलं नाही. मथुराबाई बसलेल्या दिशेला तिला मान वळवताच आली नाही.

शेजारीण आली. कमरेवर हात ठेवून ठसक्यात तिने विचारलं, "काय गं, एवढ्या दिवसाउजेडी जेवताना दार का लावता तुम्ही?"

शिकवलेलं उत्तर होतं, 'उघडं ठेवलं तर तुलाही वाढावं लागेल ना!' त्यावर हशा, त्यावर घंटा.

रजनी गप्प. तिने डाव्या विंगेकडे पाहिलं. शारदाने ओठांनी 'घंटा, घंटा' केलं. पण प्रश्न विचारून झाला होता, आता घंटा कशी काढायची? मांडवात खाकरणं सुरू झालं. कोणीतरी पोर खिदळलं. शेजारणीने, बिचारीने, पुन्हा विचारलं, "सांग की! का लावता दार?"

शारदाने समोर पाहिलं. गोदा वहीकडे पाहत होती. बोट ओळीवर होतं. तिने नुसतं गप्प बसायचं ठरवलं असतं तर प्रवेश तिथेच कोसळला असता आणि कोणी तिला बोल लावला नसता. तिने तसं केलं नाही. तिने वही मिटली, मान उचलली आणि रजनीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलायला लागली.

रजनीचं पाठांतर मुळात कच्चं. आतून येईल ते उचलायचं, एवढं तिला पक्कं माहीत. ती तुकड्या-तुकड्याने म्हणत गेली.

"चूल पेटलेली नसते… ते दिसू नये म्हणून."

थांबली. आतून पुढचं आलं.

"दार लावून मी भांडी वाजवते. रिकामीच. पळी घेते… आणि पातेल्याच्या बुडाला घासते."

पुन्हा थांबली.

"लेकरांना सांगते, चावल्यासारखं करा. मग शेजारी म्हणतात… यांचं जेवण चाललंय."

शेजारणीचा कमरेवरचा हात आपोआप खाली आला. मांडवात कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेत पंख्याने वारा घेणाऱ्या एका बाईचा पंखा थांबला. नवरा झालेल्या मुलीला पुढे काही ओरडून म्हणायचं होतं, ती ते हळू म्हणाली. मग घंटेचं वाक्य आलं, घंटा झाली आणि पडदा पडला. टाळ्या उशिराने आल्या, पण आल्या त्या थांबेनात.

तिसरा प्रवेश कोणाच्या लक्षात राहिला असेल असं वाटत नाही. नाटक संपलं तसे मोठ्या बाई आणि साहेब रंगपटात आले. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, तुमचं अभिनंदन. ते भांड्यांचं वाक्य! हसता हसता घशात घास अडकला आमच्या. हे मूळ कादंबरीत आहे की तुमचं?"

रजनी सफेदा पुसता पुसता थांबली. मोठ्या बाई कौतुकाने शारदाकडे बघत होत्या. माझं म्हटलं तर दुसऱ्यांदा चोरी. खरं सांगितलं तर त्या पोरीचं रिकामं पातेलं या खोलीत सगळ्यांसमोर ठेवायचं. ती म्हणाली, "ते… माझं नाही."

"मग?"

"पुस्तकातलंच हाय साहेब," मागून गोदाचा आवाज आला. ती पडदा घडी घालत होती. "त्या अमेरिकेतल्या बाईचं. म्याच उतरवलं, मले ठावं हाय."

"असं!" साहेब म्हणाले. "लेखक मोठा दिसतो. माणसं पाहिलेली असणार त्याने."

ते गेले. मागोमाग मोठ्या बाई गेल्या, मुली झगे उतरवायला पांगल्या. शारदाने पदराआडची वही बाहेर काढली आणि गोदापुढे धरली. बोलायचं म्हटलं तर डोळे भरून आले.

"गोदा, मी चुकले. फार चुकले. मला नाव आठवलं नाही आणि घर तेवढं उचललं. तू पाच वेळा ते लिहिलंस आणि एका शब्दाने बोलली नाहीस."

गोदाने वही घेतली, पान काढलं, लाल शाईवरून बोट फिरवलं.

"तुमीच लिवलं होतं ना बाई, 'अजून लिहायला हवे होते.' तवा मले लाज वाटली. आज ते मधे रिकामं पडलं, तं म्हटलं, आता सांगून टाकावं."

दाराशी सावली पडली. मथुराबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. आत यावं की नाही, हे तिच्या पायांना ठरवता येत नव्हतं.

"आत या ना," शारदा म्हणाली. "या, बसा."

"बसत नाही. पाण्यात उतरायचं हाय, दिवस जाईल." तिने गोदाकडे पाहिलं, मग शारदाकडे. तो पाहण्याचा वेळ शारदाला संपेना. आता ही म्हणणार, आमचं घर मांडवात मांडलंत. आता पोरीचा हात धरणार. धरू दे, आपल्याला ऐकून घ्यायलाच हवं, असं मनाशी म्हणून ती तशीच उभी राहिली.

"बाई, एक इचारू?"

"विचारा."

"पत्र्याचं घर काय, कोणाचं बी असते. शेळीबी असते. पन ते दार लावून भांडे वाजवायचं…" मथुराबाईचा आवाज खाली गेला. "ते खरंच लिवलं हाय का त्या पुस्तकात?"

गोदा घडी घातलेल्या पडद्यावरून हात फिरवत उभी होती. तिने मान वर केली नाही. फक्त हात थांबला.

"हो," शारदा म्हणाली. "लिहिलंय."

"तिकडल्या गोऱ्या बायका बी करतात असं?"

"करतात."

मथुराबाईने पदराने तोंड पुसलं, आणि पुसता पुसता हसली.

"मले वाटे, मी एकटीच," ती म्हणाली. "चाल गोदी. सोमवारी लवकर उठा लागते तुले, शाळा हाय."